काठीवाला माणूस

परवा रविवारी बाबा आमच्याकडे होते. जेवणं झाली, मागचं आवरलं, आणि मी लॅपटॉपवर एक जुनी फिल्म बघत बसले होते. ते मागे येऊन उभे राहिले. कृष्णधवल चित्र, खरखरीत आवाज. एक उंच, टक्कल पडलेला माणूस हातातली बारीकशी काठी थरथरवत होता आणि समोरचे शंभरेक वादक जीव तोडून वाजवत होते.

"हा कोण?"

"कंडक्टर."

"मग तिकिटं कुठायत?"

(आमच्या घरातल्या विनोदाची पातळी साधारण इतपतच असते. चुलत भावंडांना हे नव्याने सांगायला नकोच.)

मग खुर्ची ओढून बसले आणि खरा प्रश्न विचारला. "वाजवतात तर सगळे बाकीचे. हा आला नाही तर काय अडतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे मैफलीचा धनी म्हणजे गाणारा किंवा वाजवणारा. तबला, पेटी त्याच्या अंगाने जातात, आणि सगळं तिथल्या तिथे घडतं. ऑर्केस्ट्रा म्हटला की आपल्याला गणपतीतला ऑर्केस्ट्रा आठवतो. तिकडचा प्रकार वेगळा. तिथे बेथोवेनने दोनशे वर्षांपूर्वी सगळं कागदावर लिहून ठेवलंय. पण कागदावर सगळंच लिहिता येत नाही. लय नेमकी किती धरायची, श्वास कुठे घ्यायचा, पितळी वाद्यांनी व्हायोलिनांना कुठवर झाकू द्यायचं, शांतता किती ताणायची, हे कुणीतरी ठरवावं लागतं. तो हा काठीवाला. स्वतः एकही सूर काढत नाही. ती शंभर माणसं हेच त्याचं वाद्य.

आणि हे वाद्य उचलून नेता येत नाही. व्हायोलिनवाला पेटी काखेत मारून गाव सोडू शकतो. लेखकाला तर वहीसुद्धा लागत नाही. कंडक्टरला मात्र एक मोठी इमारत लागते, शंभर जणांचा पगार लागतो, तो पगार देणारं सरकार किंवा नगरपालिका लागते, आणि वर्षानुवर्षं एकत्र वाजवून मुरलेली माणसं लागतात. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फिल्ममधला माणूस विल्हेल्म फुर्टवेंग्लर. जन्म १८८६, बर्लिन. वडील अ‍ॅडॉल्फ फुर्टवेंग्लर हे प्राचीन ग्रीक कलेचे नावाजलेले संशोधक. मुलगा हुशार निघाला म्हणून त्याला शाळेतून काढून घरी शिक्षक ठेवले. त्याला व्हायचं होतं संगीतकार, म्हणजे संगीत लिहिणारा. आयुष्यभर तो स्वतःला तेच समजत राहिला आणि जगाने ते कधी फारसं मनावर घेतलं नाही. विसाव्या वर्षी, १९०६ मध्ये, म्युनिकला त्याने पहिला मोठा कार्यक्रम केला. त्यात ब्रुकनरची नववी सिम्फनी घेतली. तासभर चालणारी, भल्याभल्यांना घाम फोडणारी. पहिल्याच गाण्याला कुणी विलंबित दरबारी मांडावा तसलं धाडस. पुढच्या वर्षी वडील गेले आणि पोटापाण्याचं बघणं आलं.

जर्मनीत तेव्हा कंडक्टर होण्याचा रस्ता ऑपेरातून जायचा. लहान लहान शहरांचीसुद्धा स्वतःची ऑपेरा थिएटरं होती. तिथे पडेल ते काम करायचं. गायकांकडून पियानोवर पाठ करून घ्यायचे, पडद्यामागच्या कोरसला खुणा करायच्या, मुख्य कंडक्टर आजारी पडला की धावत जाऊन उभं राहायचं. फुर्टवेंग्लरने असा ब्रेस्लाऊ, झ्युरिक, म्युनिक, स्ट्रासबुर्ग फेरा मारला. १९११ मध्ये ल्यूबेकचा ऑर्केस्ट्रा आणि १९१५ मध्ये मानहाइमचा ऑपेरा त्याच्या हाती आला. मानहाइममध्ये गाइसमार नावाच्या एका संगीतप्रेमी ज्यू घराशी त्याचा स्नेह जडला. त्या घरची मुलगी बेर्टा पुढे त्याची सेक्रेटरी झाली. त्याचे दौरे, करार, पत्रं, रुसवेफुगवे सगळं तीच सांभाळायची.

जानेवारी १९२२ मध्ये आर्थर निकिश वारला. तो एकाच वेळी लाइपझिग आणि बर्लिन अशा दोन मोठ्या ऑर्केस्ट्रांचा प्रमुख होता. दोन्ही जागा फुर्टवेंग्लरला मिळाल्या. वय छत्तीस. जर्मन संगीतात याहून वरचं पद नव्हतं.

त्याच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. काठीचा ठोका स्पष्ट दिसला पाहिजे हा या धंद्यातला पहिला धडा. याची काठी खाली यायची तीच थरथरत, वेडीवाकडी. नेमकी सम कुठे हे नवख्याला कळणं अशक्य, आणि वादकांमध्ये त्यावर भरपूर विनोद चालायचे. पण त्या धूसर ठोक्यातून असा खोल, रुंद सूर उठायचा की तसा दुसऱ्या कुणाकडे उठत नसे. १९४८ मध्ये बर्लिन फिलहार्मनिकमध्ये आलेल्या व्हेर्नर टेरिशन या टिंपनीवादकाने एक आठवण लिहून ठेवली आहे. दुसराच कुणी कंडक्टर तालीम घेत होता. हा आपल्या नगाऱ्यांमागे बसून स्वरलिपी वाचत होता. एकाएकी ऑर्केस्ट्राचा आवाज बदलला, भरून आला. याने चमकून वर पाहिलं. कंडक्टर तोच होता, पण सभागृहाच्या दारात फुर्टवेंग्लर येऊन उभा राहिला होता.

बाबांना हा किस्सा फार आवडला. "दारात नुसतं उभं राहून? आमचे एक साहेब होते तसे," म्हणाले.

आता १९३३. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि आठवड्यांत संगीतातल्या ज्यू माणसांवर गदा आली. ब्रूनो वॉल्टरचे कार्यक्रम बंद पाडले, तो देश सोडून गेला. ऑटो क्लेम्परर गेला. एप्रिलमध्ये फुर्टवेंग्लरने गोबेल्सला एक उघड पत्र लिहिलं. मला कलेत एकच भेद ठाऊक आहे, चांगली आणि वाईट. वॉल्टर, क्लेम्परर यांच्यासारख्यांना या देशात काम करता आलं पाहिजे, असा त्याचा आशय. पत्र वर्तमानपत्रात छापून आलं. त्या दिवसांत असं लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती. गोबेल्सने गोड भाषेत जाहीर उत्तर दिलं, आणि बदललं काहीच नाही. उलट फुर्टवेंग्लरला पदं मिळाली. सरकारी संगीत मंडळाचा उपाध्यक्ष, प्रशियाचा राज्य सल्लागार, बर्लिनच्या स्टेट ऑपेराचा प्रमुख. त्याने ती घेतली.

त्याच वर्षी त्याने ब्रोनिस्लाव ह्युबरमन या पोलिश ज्यू व्हायोलिनवादकाला बर्लिनला वाजवायला बोलावलं. कुणीतरी पहिलं पाऊल टाकून भिंत पाडली पाहिजे, ही त्याची भूमिका. ह्युबरमनने नकार दिला आणि आपलं पत्र छापायला दिलं. प्रश्न माझ्या कार्यक्रमाचा नाहीच, असं त्याचं म्हणणं होतं. हा ह्युबरमन लक्षात ठेवा. नोकरीवरून हाकललेल्या युरोपातल्या ज्यू वादकांना गोळा करून त्याने पॅलेस्टाइनमध्ये एक ऑर्केस्ट्रा उभा केला. डिसेंबर १९३६ मध्ये तेल अवीवला त्याचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा काठी होती टॉस्कॅनिनीच्या हातात. तोच आजचा इस्राएल फिलहार्मनिक. आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी २०१९ पर्यंत अनेक दशकं सांभाळला, तो.

म्हणजे वाद्य उचलून नेता येत नाही हे मी वर म्हटलं ते खरं, पण नवं उभं करता येत होतं. एखाद्याने केलं.

१९३४ मध्ये हिंडेमिटचं प्रकरण झालं. पाउल हिंडेमिट हा आधुनिक संगीतकार, बायको अर्धी ज्यू, नाझींच्या डोळ्यांत सलणारा. मार्चमध्ये फुर्टवेंग्लरने त्याची नवी सिम्फनी वाजवली. त्याच विषयावरचा ऑपेरा करायला परवानगी मिळेना, तेव्हा २५ नोव्हेंबरला त्याने बर्लिनच्या एका दैनिकात पहिल्या पानावर लेख लिहून हिंडेमिटची बाजू घेतली. त्या संध्याकाळी तो ऑपेरात 'ट्रिस्टान' करायला उभा राहिला तर टाळ्या थांबेनात. त्या टाळ्या नुसत्या संगीतासाठी नव्हत्या, हे सगळ्यांना कळत होतं. सरकारलाही कळलं. ४ डिसेंबरला फुर्टवेंग्लरने सगळ्या पदांचे राजीनामे दिले.

इथे थांबावंसं वाटतं. इथे तो माणूस बाहेर पडलेला आहे. हात मोकळे आहेत, जगभरात नाव आहे, कुठलंही शहर त्याला डोक्यावर घेईल. त्याच महिन्यात, त्याच स्टेट ऑपेरातून एरिक क्लायबर या दुसऱ्या मोठ्या कंडक्टरने राजीनामा दिला. क्लायबर ज्यू नव्हता, त्याला कुणी हाकललं नव्हतं. तो गेला आणि नाझी असेपर्यंत परतला नाही. पुढे दक्षिण अमेरिकेत, ब्वेनोस आयरेसच्या ऑपेरात राहिला. त्याचा बर्लिनमध्ये जन्मलेला मुलगा कार्ल तिकडे कार्लोस झाला. तोच कार्लोस क्लायबर, ज्याच्या रेकॉर्डी आज लोक जिवापाड जपतात.

फुर्टवेंग्लर गोबेल्सला भेटला. फेब्रुवारी १९३५ मध्ये निवेदन निघालं: मी तो लेख केवळ एक संगीतकार म्हणून लिहिला, त्याचे राजकीय परिणाम झाले याचा खेद आहे, सरकारच्या कलाधोरणात ढवळाढवळ करण्याचा हेतू नव्हता. २५ एप्रिलला तो परत बर्लिन फिलहार्मनिकसमोर उभा होता, बेथोवेन घेऊन. पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

का परतला? पैशासाठी नाही, आणि तो पक्षाचा सभासद तर कधीच झाला नाही. हिटलरप्रेम म्हणावं तर तेही नव्हतं. मला वाटतं, त्याला ऑर्केस्ट्रा हवा होता. तो आता सरकारने ताब्यात घेतला होता. पगार सरकारचा, पुढे युद्धात वादकांना सैन्यभरतीतून सूटसुद्धा मिळाली. सिमोन गोल्डबर्गसारखा पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादक, ज्यू म्हणून, १९३४ मध्येच गेला होता. पण बाकीचे तेच होते आणि सभागृह तेच. त्याची समजूत अशी होती की नाझी येतील-जातील, खरा जर्मनी बेथोवेन-ब्राम्सचा आहे, आणि तो कुणीतरी राखला पाहिजे. ही समजूत ढोंगी नव्हती. म्हणूनच ती गोबेल्सच्या फार उपयोगाची होती. त्याच्या डायऱ्यांत फुर्टवेंग्लरबद्दलचं समाधान दिसतं.

१९३६ मध्ये आणखी एक दार उघडलं. टॉस्कॅनिनीने न्यूयॉर्क सोडताना आपल्या जागी फुर्टवेंग्लरचं नाव सुचवलं. निमंत्रण गेलं, आणि तेवढ्यात तो पुन्हा बर्लिनच्या स्टेट ऑपेरात रुजू होतोय अशी बातमी जर्मनीतून आली. न्यूयॉर्कमध्ये गदारोळ उठला. याने तारेने नकार कळवला.

युद्धात त्याने अनेक रेघा मारल्या आणि काही पुसल्या. फ्रान्स जर्मनीने व्यापला होता, तिथे वाजवायला गेला नाही. व्यापलेल्या प्रागमध्ये मात्र गेला. अडकलेल्या कितीतरी ज्यू आणि इतर वादकांसाठी पत्रं लिहिली, शब्द टाकला. काही जीव त्यामुळे वाचले, याच्या साक्षी नंतर झाल्या. आणि हिटलरच्या वाढदिवसाचा कार्यक्रम तो काही ना काही कारण काढून टाळत आला होता. १९४२ मध्ये टाळता आला नाही. १९ एप्रिलची संध्याकाळ, वाढदिवसाची पूर्वसंध्या, बेथोवेनची नववी सिम्फनी. आम्ही बघत होतो ती फिल्म याच कार्यक्रमाची.

हिटलर स्वतः तिथे नव्हता. समोर लष्करी गणवेश दिसतात. शेवटच्या भागात कोरस शिलरच्या कवितेचे शब्द गातो, सगळी माणसं भाऊ होतील अशा अर्थाचे. अंगावर काटा येतो, आणि तो नेमका कशाचा हे आपल्याला सांगता येत नाही. संपता संपता संगीत असं सुसाट पळत सुटतं की त्यात आनंद ऐकू येत नाही, काहीतरी दुसरंच ऐकू येतं. मग टाळ्या. गोबेल्स उठून मंचाशी येतो, हात पुढे करतो. फुर्टवेंग्लर वाकून हात मिळवतो. आणि मग हातातला रुमाल या हातातून त्या हातात घेतो. जगभरातले लोक ते दोन सेकंद पुन्हा पुन्हा बघतात. हात पुसला का? की नुसता घाम होता?

मी बाबांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शहात्तर साली आमच्या ऑफिसात केसेसचा कोटा आला होता."

हे मी याआधी कधी ऐकलं नव्हतं. आणीबाणी, नसबंदी हे सगळं मला पुस्तकातलं. मी जन्मलेही नव्हते तेव्हा.

"प्रत्येकाने माणसं आणायची. नाही आणली तर पगार अडेल असं तोंडी सांगितलेलं. दादा सहा महिन्यांचा होता. मी दोन नेली." थोड्या वेळाने म्हणाले, "एक होता तो माझ्यापेक्षा लहान होता. त्याला मूल नव्हतं अजून. मला माहीत होतं ते."

मी विचारणार होते, नोकरी सोडता आली असती का. विचारलं नाही. त्यांनीच उत्तर दिल्यासारखं केलं. "एकाने दिला होता राजीनामा. आमच्यातल्याच. पुढं त्यानं पिठाची गिरणी टाकली."

मग म्हणाले, "तो रुमालाचा भाग परत लाव."

परत लावला. आम्ही तीनदा बघितला.

पुढची हकिगत भरभर सांगते. ३० जानेवारी १९४४ च्या बाँबहल्ल्यात बर्लिन फिलहार्मनिकचं सभागृह जळून गेलं. जे राखण्यासाठी तो राहिला होता, त्यातली इमारत संपली. १९४५ च्या सुरुवातीला, अटक होण्याच्या भीतीने, तो व्हिएन्नाहून स्वित्झर्लंडला निसटला. डिसेंबर १९४६ मध्ये बर्लिनमध्ये त्याची नाझी संबंधांबद्दल चौकशी झाली. साक्षी झाल्या, आणि तो निर्दोष ठरला. (यावर रॉनल्ड हारवुडचं 'टेकिंग साइड्स' हे नाटक आहे. २००१ मध्ये इस्तवान साबोने त्यावर सिनेमा केला. मिळाला तर बघा.) २५ मे १९४७ रोजी तो पुन्हा बर्लिनमध्ये उभा राहिला. कार्यक्रम सगळा बेथोवेनचा.

त्याच्या बाजूने सर्वांत ठामपणे उभा राहिला तो यहुदी मेन्युहिन, अमेरिकन ज्यू व्हायोलिनवादक. त्याच वर्षी त्याने फुर्टवेंग्लरबरोबर जाहीर कार्यक्रम केले आणि त्यासाठी स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. (हाच मेन्युहिन १९५२ मध्ये भारतात आला आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचा शिष्य झाला. आपल्या आत्याला हे सांगितलं की ती उरलेला लेखही वाचेल.) पण शिकागोने फुर्टवेंग्लरला बोलावलं तेव्हा हॉरोविट्झ, रुबिनस्टाइन यांच्यासारख्यांनी तो आला तर आम्ही तिथे वाजवणार नाही असं कळवलं, आणि १९४९ च्या सुरुवातीला ते बारगळलं. मेन्युहिनने माफ केलं, रुबिनस्टाइनने नाही. दोघांपैकी चूक कोण हे ठरवायला मी बसणार नाही. पण रुबिनस्टाइनच्या घरची कितीतरी माणसं पोलंडमध्ये मारली गेली होती, हे मेन्युहिनचं कौतुक करताना विसरता येत नाही.

शेवटच्या वर्षांतलं काम अफाट आहे. १९५० मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरात वॅग्नरची 'रिंग' ही चार ऑपेरांची मालिका, १९५१ मध्ये बायरॉइटचं थिएटर पुन्हा उघडलं तेव्हाची नववी, १९५२ मध्ये लंडनला रेकॉर्ड केलेला 'ट्रिस्टान'. ऐकायचं असेल तर त्या 'ट्रिस्टान'पासून सुरुवात करा, असं मी सांगेन. १९४२ च्या नवव्यापासून नको. शेवटी त्याला ऐकू कमी येऊ लागलं. ३० नोव्हेंबर १९५४ ला तो गेला, अडुसष्टाव्या वर्षी. त्याच वर्षी अठरा वर्षांचे झुबिन मेहता मुंबईहून व्हिएन्नाला शिकायला पोचले होते.

बर्लिनचा ऑर्केस्ट्रा गेला हर्बर्ट फॉन कारायानकडे. हा नाझी पक्षाचा सभासद होता, आणि फुर्टवेंग्लरला त्याचं नावही सहन होत नसे. १९५५ मध्ये कारायान त्या ऑर्केस्ट्राला घेऊन अमेरिकेला गेला. निदर्शनं झाली, कार्यक्रमही झाले.

निघताना बाबा दारात चपला घालत होते. एकदम म्हणाले, "ती सेक्रेटरी होती ना, मानहाइमची? तिचं काय झालं?"

बेर्टा गाइसमार ज्यू होती. फुर्टवेंग्लरने तिला टिकवायची धडपड केली, ती थोडा काळच पुरली. तिला काम सोडावं लागलं, मग देश. लंडनला थॉमस बीचम या कंडक्टरने तिला आपली सेक्रेटरी केलं. १९३६ मध्ये बीचम आपला ऑर्केस्ट्रा घेऊन जर्मनीच्या दौऱ्यावर गेला, आणि दौऱ्याची व्यवस्था बघायला तिलाच बरोबर नेलं. जिथून तिला घालवलं होतं त्या बर्लिनमध्ये ती पाहुण्यांची सेक्रेटरी म्हणून, नाझी अधिकाऱ्यांसमोर, कागद हातात घेऊन वावरली. १९४४ मध्ये तिने आठवणींचं पुस्तक काढलं. फुर्टवेंग्लरबद्दल त्यात कडवटपणा नाही. १९४९ मध्ये ती लंडनलाच वारली.

"चांगलं झालं," बाबा म्हणाले. आणि मग, "पुस्तक मिळतं का ते?"